अ‍ॅस्कॉटच्या त्या निकालाबद्दल

'अ‍ॅस्कॉटला जेमतेम डोक्याच्या फरकाने जिंकली, म्हणजे ब्लॅक कॅविअर या ऑस्ट्रेलियन शर्यतीच्या घोडीचा उगाच गवगवा झाला' असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. जून २०१२ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅस्कॉट मैदानावरच्या त्या शर्यतीत जॉकी ल्यूक नोलनने शेवटच्या काही ढांगांत तिला जोर लावणं थांबवलं, म्हणून मूनलाइट क्लाउड ही दुसरी घोडी इतकी जवळ आली. शिवाय शर्यतीनंतरच्या तपासणीत घोडीचे मागचे स्नायू फाटल्याचं निघालं. तशा अवस्थेत जिंकली ती!

आणि पुढचं कुणी लिहिलंच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती मेलबर्नमधल्या फ्लेमिंग्टनच्या मैदानावर परतली आणि १००० मीटर ५५.४२ सेकंदांत धावून तिथला १९८८ पासूनचा विक्रम मोडला. तेव्हा तिचं वय सहा वर्षं. मग आणखी दोन शर्यती, दोन्ही जिंकलेल्या. कारकिर्दीत पंचवीसपैकी पंचवीस शर्यती जिंकल्या.