डिश स्वतः लावायची की माणूस बोलवायचा?

गंगावेस_कट्टा
काल उद्यमनगरीभाऊंनी जे लिहिलं त्यावर गप्प बसणार होतो, पण सकाळपासून डोक्यातून जाईना. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: "डिश लावणं दहा मिनिटांचं काम. मोबाईलवर दिशा बघा, नट आवळा, विषय संपला. त्यासाठी माणूस बोलावणारे एकतर आळशी, नाहीतर पाना कसा धरतात ते माहीत नसलेले."

भाऊ, पाना धरता येतो मला. आणि दिशा शोधण्यात काही मोठी विद्या नाही, हेही मान्य. दूरदर्शनच्या फुकटातल्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर. कोल्हापुरातून तो आग्नेयेकडं दिसतो, होकायंत्रावर साधारण 129 अंश, आणि क्षितिजापासून 60 अंश वर. टाटा प्लेचा 83 अंशांवर, म्हणजे आणखी दक्षिणेला आणि आणखी वर. एअरटेलचा 108.2 वर, तो बराच खाली, 46-47 अंशांवर. पूर्वेला शेजाऱ्याची इमारत नाहीतर नारळ असला की पहिला आडवा जातो तो एअरटेलवाल्याला. हे सगळं ॲपवर फुकट मिळतं.

पण ते ॲप उघडून टेरेसच्या लोखंडी रेलिंगजवळ उभारलं की होकायंत्र भलतीकडंच दाखवतं, हे ॲप सांगत नाही. 93.5 साठी आपल्याकडं एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, जवळजवळ 48 अंश तिरका करावा लागतो. तो सरळ ठेवला तर छत्री बरोबर दिशेला असूनही टीव्हीवरचा सिग्नल क्वालिटीचा दांडा हलत नाही, आणि माणूस तासभर छत्रीच फिरवत बसतो. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद. अंशभर चुकली तरी एप्रिलमध्ये चित्र झकास येतं, घरात कौतुक होतं. जुलैत आभाळ भरून आलं की शेजाऱ्याचं चालू आणि तुमचं बंद. डिशचा सिग्नल ज्या केयू बँडच्या लहरींवर येतो त्यांना पाऊस सोसत नाही, आणि जी थोडी शिल्लक हवी असते ती तुम्ही त्या एका अंशात आधीच उधळलेली असते.

पैसे दिशा दाखवायचे नसतात. शिडीवर चढायचे आणि पावसाळा काढेल असं बसवायचे असतात.

उद्यमनगरी
शिकवणीबद्दल आभार सर. अंश दिलासा, एलएनबीचा कोन दिलासा, रेलिंगपासून लांब उभारा म्हणालासा. आता सांगा, एवढं वाचल्यावर माणूस कशाला बोलवायचा? माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलासा की.

"पावसाळा काढेल असं" म्हणे. आमच्या शेडवर कंपनीनं पाठवलेला माणूस आला होता. बेसला चार भोकं, त्यानं मारले दोन स्क्रू. बाकीचे दोन कुठं म्हटलं तर म्हणतोय, "किटमध्ये एवढेच आले." छत्रीचं तोंड आग्नेयेला, वारा येतोय पश्चिमेकडनं, म्हणजे थेट पाठीत. वळवाच्या पहिल्या झोडप्यात बेस पत्र्यासकट उचकटला. तक्रार केली तर परत व्हिजिटचे पैसे मागितले. मग मी आपला दीड इंची पाईप कापला, प्लेट वेल्ड केली, रेडऑक्साईड मारला आणि खालच्या अँगललाच बोल्ट केला. तेव्हापासून हललेली नाही. यात प्रोफेशनल कोण?

कागलकर_मळा
तुमचं शहराचं बरं आहे, निवडायला तरी मिळतंय. आमच्या मळ्यात फोन केला की "तुमचा भाग आमच्याकडे येत नाही". आणि फ्री डिशला तर कंपनीचा माणूसच नसतोय. महिन्याचं बिल नाही, मग येणार कोण? दुकानातनं छत्री आणि बॉक्स आणला, थोरल्यानं लावला. मी खालनं ओरडायला. मॅच दिसते, शेतीचं बघतो, झालं आमचं. 2007 च्या कायद्यानं भारताच्या महत्त्वाच्या मॅचचं चित्र दूरदर्शनला द्यावंच लागतंय, ते तुमच्या महागड्या पॅकवाल्यांनी विसरू नये.

ओटीटी_पोरगं
अजून डिश?? 😂 फायबर घ्या, विषय क्लोज.

केबल_होती_बरी
हसू नको बाळा. 2019 च्या पुरात तुझं नेट पहिलं गेलं होतं.

ओटीटी_पोरगं
लाईट पण गेली होती काका. डिश काय रॉकेलवर चालवलीत?

केबल_होती_बरी
तुझ्या वयाला आम्हीही असंच बोलायचो. असो. खरा घात 2019 च्या फेब्रुवारीत झालाय. ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, "आवडीचे चॅनल निवडा, तेवढ्याचेच पैसे भरा" म्हणून सांगितलं, आणि पहिल्या शंभर चॅनलचे महिन्याला 130 रुपये अधिक जीएसटी आधीच ठोकले, बघा नाहीतर नका बघू. त्याआधी केबलवाला दर महिन्याला घरी यायचा, चहा प्यायचा, तक्रार असली की तिथंच खांबावर चढायचा. त्यावर कोणी बोलत नाही. नट कुणी आवळायचा यावर भांडायलेत.

शिडीवाला
बारा वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो. रागानं लिहितोय हेही आधीच सांगतो.

उद्यमनगरी भाऊ, दोन स्क्रू मारणाऱ्याची बाजू घेत नाही. चुकलंच ते. पण आम्हाला पगार नसतोय, कामागणिक पैसे असतात. पेट्रोल माझं, शिडी माझी, कौलावरनं घसरलो तर दवाखानाही माझाच. 2017 च्या ट्रायच्या नियमात इन्स्टॉलेशनला जास्तीत जास्त 350 रुपये घ्यायची मुभा होती. 2024 मध्ये ती मर्यादा काढली, आता दर जाहीर करायचा एवढंच बंधन. तुम्हाला वाटेल आमची चांदी झाली. त्यातलं आमच्या हातात किती येतं ते विचारू नका.

आता "दहा मिनिटांच्या" कामाचं. लोकांनी स्वतः केलेल्या जोडण्या बघायला या एकदा माझ्याबरोबर. दहातल्या निम्म्या ठिकाणी एकच रोग: वायरच्या टोकाचा एफ कनेक्टर लावताना तिच्या जाळीचा एखादा केस मधल्या तांब्याच्या तारेला चिकटलेला. त्यात बॉक्स चालू ठेवून जोडतात. त्या वायरमधून 13 नाहीतर 18 व्होल्ट वर एलएनबीला जात असतात, त्यावरच तो व्हर्टिकल (उभ्या) लहरी घ्यायच्या की हॉरिझॉन्टल (आडव्या) ते ठरवतो. शॉर्ट झाला की बॉक्सचा सप्लाय जातो, आणि मग मला फोन: "तुमच्या कंपनीचा माल भिकार." दुसरं, वायर एलएनबीकडून सरळ भिंतीतल्या भोकात खेचायची. पाणी वायरवरून धावत आत येतं. भोकाच्या आधी वायरला खाली एक झोळ द्यायचा, पाणी तिथनं टपकतं. याला खर्च शून्य आहे.

उद्यमनगरी
झोळ मी दिलाय. फोटो टाकू?

शिडीवाला
टाका की. स्टँडचा पण टाका. पाईपचं वरचं तोंड बंद केलंय का उघडं ते बघतो, उघडं असलं तर पाणी साठून आतनं गंजतंय.

उद्यमनगरी
…बंद करतो. पण ते सांगायला साडेतीनशे लागले नाहीत, नोंद घ्यावी.

वरचा_मजला
तुम्हा पुरुषांना अंश आणि व्होल्टच सुचणार. जरा खाली बघा, स्लॅबकडं. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. आमच्या टेरेसवर सात छत्र्या आहेत, त्यातल्या तीन बंद. प्रत्येकीला अँकर बोल्टची तीन-चार भोकं, थेट कोब्यात. कोबा फोडला की वॉटरप्रूफिंगला काय अर्थ उरला? माणूस कंपनीचा असो की स्वतः घरमालक, ड्रिल सगळ्यांचं सारखंच खाली जातं. छत्री काढून नेली की भोक तसंच. माझ्या बेडरूमच्या छताचा पोपडा जून लागला की फुगतो आणि श्रावणात गादीवर पडतो. सिग्नल गेला तर पाऊस थांबल्यावर येतो. प्लॅस्टर येतं का?

सेक्रेटरी_नाइलाजानं
मॅडम, तुम्ही कोण ते कळलं मला. विषय मीटिंगमध्ये घेतला होता. गळती डिशमुळेच आहे याला पुरावा काय? तुमच्या खिडकीवरच्या छज्जालाही भेग आहे.

वरचा_मजला
मलाही कळलं तुम्ही कोण. छज्जा पश्चिमेला, पोपडा पूर्वेला, बरोबर त्या दोन मोडक्या छत्र्यांच्या खाली. त्यातली एक तुमच्या भाडेकरूची. आदर्श उपविधी वाचा: टेरेसमधून पावसाचं पाणी झिरपून वरच्या फ्लॅटचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं.

सेक्रेटरी_नाइलाजानं
आपली सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. 1970 चा अपार्टमेंटचा कायदा वेगळा. अपार्टमेंटचं डीड, म्हणजे नोंदणीचा दस्त, वाचा.

वरचा_मजला
वाचलंय. टेरेस सामाईक लिहिलंय. छत्री लावताना सामाईक, आणि गळायला लागलं की वरच्यांचं खासगी, असं त्यात कुठं लिहिलंय ते पान दाखवा.

गंगावेस_कट्टा
मूळ विषय डिश कोणी लावायची हा होता.

वरचा_मजला
मग तोच तर चाललाय! कोणीही लावा, पण भोक कुठं पाडता ते विचारून पाडा. तुम्ही एवढं लांबलचक लिहिलंत, त्यात स्लॅबचा एक शब्द नाही.

केबल_होती_बरी
केबलला भोक लागत नव्हतं. बोलत नाही मी, फक्त सांगतोय.

शिडीवाला
ताई, तुमचं बरोबर आहे. कंपनीचा माणूस स्लॅबवर मारतो कारण ते सोपं पडतं, कठड्यावर मारायला वाकावं लागतं. कठड्याच्या उभ्या भिंतीला, आतल्या बाजूनं वॉल ब्रॅकेट लावला तर पाणी साठायचा प्रश्नच कमी होतो. भोकाच्या भोवती सिलिकॉन भरायचा. गिऱ्हाईकानं आधी सांगितलं तर मी तसंच करतो, पण गिऱ्हाईक वर येतच नाही. खाली सोफ्यावर बसून "आलं का, आलं का" विचारत असतंय. आणि सगळ्यांची कंपनी एकच असली तर एक छत्री आणि मल्टिस्विचवर, म्हणजे एकाच छत्रीचा सिग्नल घरोघरी वाटणाऱ्या डब्यावर, अख्खी बिल्डिंग चालते.

सेक्रेटरी_नाइलाजानं
सात घरं, चार कंपन्या. एकाला सांगून बघा बदलायला. मी सांगून बघितलंय, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

उद्यमनगरी
ताई, कठडा पोकळ विटांचा असेल तर अँकर धरत नाही, हे शिडीवाल्यांनी सांगायचं राहिलं. तसल्या ठिकाणी भोकच नको. खाली चौकोनी फ्रेम, तिच्यावर सिमेंटचे ब्लॉक, मध्ये पाईप. फ्रेमखाली रबर टाकायचं म्हणजे कोबा खरचटत नाही. मी करून देतो.

शिडीवाला
ब्लॉक दोन माणसांनी उचलायला लागेल असला टाका. हलका टाकलासा तर वाऱ्यानं फ्रेमसकट सरकतंय आणि एक अंश जातोय.

गंगावेस_कट्टा
म्हणजे स्टँड एकानं करायचा, छत्री दुसऱ्यानं लावायची, आणि तरी "दहा मिनिटांचं काम". वा!

उद्यमनगरी
दिशा दहा मिनिटांचीच आहे. बसवणं वेगळं असं मी म्हटलंच नव्हतं हे खरं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. घ्या, अर्धा मुद्दा तुम्हाला दिला. दिवाळीची भेट समजा.

ताई, फ्रेम वेल्ड करून ठेवतो, मजुरी घेणार नाही, लोखंडाचे तेवढे द्या. ब्लॉक वर चढवायला लिफ्ट आहे ना?

वरचा_मजला
लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. का बंद आहे ते सेक्रेटरींना विचारा.

सेक्रेटरी_नाइलाजानं
लिफ्टचा विषय इथं नको.