सही लावली की राउटिंग सुरक्षित?

तिरकसराव: काल इथे एकाने ठासून लिहिलंय, 'एओडीव्हीच्या प्रत्येक कंट्रोल पॅकेटवर डिजिटल सही लावा, अ‍ॅड हॉक राउटिंगच्या सुरक्षेचा विषय संपला.' अ‍ॅड हॉक म्हणजे टॉवरशिवाय, फोन (नोड) एकमेकांमार्फत निरोप पोचवतात ते नेटवर्क; एओडीव्ही ही त्यात रस्ता शोधायची पद्धत, आणि कंट्रोल पॅकेट म्हणजे त्या शोधाचे निरोप. वा! म्हणजे पीएचडीवाले उगाच झिजले. सहीमुळे कुणी सीक्वेन्स नंबर (रस्ता किती ताजा ते सांगणारा आकडा) फुगवून 'ताजा रस्ता माझ्याकडे' असा खोटा रूट रिप्लाय देऊ शकत नाही, कबूल. पण वर्महोलचं काय? दोन चोर, दोन टोकांना, मधे त्यांची स्वतःची लिंक, इकडची रूट रिक्वेस्ट (रस्ता विचारणारं पॅकेट) उचलायची आणि तिकडे जशीच्या तशी ओकायची. सही खरी, हॅश (फेरफार पकडणारा आकडा) खरा, चोरांकडे सहीची किल्लीसुद्धा लागत नाही, आणि लांबचे दोन नोड समजतात आपण शेजारी.

चकलीवाला: पोस्ट माझीच. त्यासाठी २००३ पासून पॅकेट लीश आहेत, पाठवल्याची वेळ घाला, फार लांबून आलेलं पॅकेट फेकून द्या. जरा वाचून बोला.

तिरकसराव: वाचलंय. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, आणि तुम्ही लोक सिम्युलेशनमधे रेंज धरता २५०. म्हणजे घड्याळ मायक्रोसेकंदाने चुकलं की हिशेब रेंजच्या पलीकडे. एवढी जुळलेली घड्याळं कुठल्या फोनात आहेत? वेळेऐवजी जीपीएसने जागा घालायचा प्रकार म्हणाल तर बोगद्यात शिरलात की बोंबला.

घाटमाथा: सिम्युलेशनचं नाव काढलंत म्हणून. पुण्यात एक्स्टर्नल परीक्षक म्हणून जातो, दरवर्षी तोच प्रोजेक्ट, 'एओडीव्हीतील ब्लॅकहोल शोधणे', म्हणजे खोटा रस्ता दाखवून डेटा गिळणारा नोड. रँडम वेपॉइंटमधे (नोड वाटेल तिकडे फिरवायचं मॉडेल) किमान वेग शून्य, मग नोड रेंगाळत जातात, सरासरी वेग घसरतो आणि आलेख कसा झकास! ब्लॅकहोल कोडमधे कुठे घातलास विचारलं की पोरगं स्क्रीनकडे बघत बसतं. विकतचा माल सगळा.

समई: पोरांनाच बोला! आमचं अर्धं सेमिस्टर एनएस-२ हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात गेलं, जीसीसी कंपायलरचं व्हर्जन जुळेना, गाईड लॅबमधे फिरकले नाहीत. आणि एक्स्टर्नल लोक चहा-बिस्किटं खाऊन मार्क टाकून मोकळे.

घाटमाथा: मी चहा घेत नाही.

समई: बिस्किटांचं नाही बोललात.

कोपऱ्यातला: तुमचं झालं असेल तर विषयावर येऊ? आतलाच नोड फितूर निघाला तर? रीतसर किल्ली आहे, रस्ता शोधताना साळसूद, डेटा आला की गिळतो. वॉचडॉगची कल्पना २००० सालची, शेजाऱ्याने पॅकेट पुढे दिलं का ते ऐकत बसायचं, पण त्याच वेळी कोलिजन झालं (दोन पॅकेट एकमेकांवर आदळली) की काही ऐकू येत नाही आणि प्रामाणिक नोड बदनाम. शिवाय किल्ल्या वाटणार कोण?

चकलीवाला: निघण्याआधीच वाटायच्या! असं नेटवर्क वापरणारं बचावपथक काय वाटेत भेटेल त्याला त्यात घेतं? बरं बाबा, 'वर्महोल आणि फितूर सोडून विषय संपला' असं वाचा. खूश?

तिरकसराव: म्हणजे चोर सोडून बाकी सगळ्यांचा बंदोबस्त झाला.

चकलीवाला: मग बिनसहीचं चालवा आणि पहिल्याच खोट्या रिप्लायला बळी पडा, आम्ही बघतो मजा.

तिरकसराव: सही लावू नका कुठे म्हटलं? लावाच की. पण फितुराचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि कोपऱ्यातल्याने विचारलंय, मी नाही.