काशीच्या घाटावर पहाटेचं प्री-वेडिंग शूट: हौस की उपद्रव?

गोदाकाठचा
लग्नाचे फोटो काशीला जाऊन काढायची टूम आता पुण्या-नागपुरातही पोचली आहे. उजाडायच्या आत घागरा-शेरवानीत चेतसिंह घाटावर हजर, ऊन चढलं की शूट आटोपलं, मग कचोरी-जिलबी, संध्याकाळी आरती आणि परतीचं विमान. हौसेला माझी ना नाही. वेळेला आहे. घाट दिवसभर तिथेच असतो. स्नान, अर्घ्य, जप हे सगळं मात्र सकाळच्या त्या दीड-दोन तासांत उरकायचं असतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी रिफ्लेक्टर धरून म्हणतं, "माताजी, ज़रा साइड में." माताजींनी का म्हणून बाजूला व्हायचं? सूर्योदयानंतर दोन तास घाटांवर पैसे घेऊन केलेलं शूट बंद असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लॅशवाला
पूर्ण असहमत. धंद्यात आहे म्हणून सांगतो. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, गाव सगळं पश्चिम काठावर, समोरच्या काठावर नुसती वाळू. त्यामुळे सूर्य थेट पाण्यावरून वर येतो आणि पहिलं ऊन आडकाठी न होता पायऱ्यांवर पडतं, चेहऱ्यावर सोनं ओतल्यासारखं. दुपारनंतर सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि घाट सावलीत बुडतात. "संध्याकाळी काढा की" म्हणणाऱ्यांनी एकदा चार वाजता तिथे उभं राहून बघावं. त्यात पावसाळ्यात पायऱ्याच पाण्याखाली, डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं की समोरची होडी दिसत नाही. हातात राहतात कार्तिक-मार्गशीर्षातले काही दिवस आणि मग फेब्रुवारी-मार्च. त्यातलेही सकाळचे दोन तास बंद करा म्हणणं म्हणजे शूटच बंद करा म्हणणं. तेच म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

ब्रह्माघाटची सून
आमचं घर घाटाच्या वरच्याच गल्लीत आहे. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडे मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, तेव्हा दुरून बोलत नाही. आम्हाला नवरा-नवरीचा त्रास नाही, लेन्सचा आहे. मागचं सगळं धूसर करतो, असं फोटोवाले सांगतात. गेल्या हिवाळ्यात एका रीलमध्ये नवरीच्या मागे ओल्या लुगड्यातल्या माझ्या सासूबाई होत्या. धूसर होत्या, पण भजनीमंडळातल्या बायकांनी पाठीवरून ओळखल्या. त्यानंतर महिनाभर त्या पहाटे खाली उतरल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलं होतं का?
तरीही सरसकट बंदी मला नको. थंडीत पहाटेच्या शूटवर नाववाल्यांचं बरंच भागतं, आणि पुराच्या दिवसांत नावा बांधून ठेवायची वेळ येते तेव्हा हाच पैसा पुरवून खावा लागतो. वेळ नका बांधू, जागा बांधा. केदारघाट, पंचगंगा, दशाश्वमेध इथे स्नानाच्या वेळी कॅमेरा नको. चेतसिंह घाटावर आंघोळीला गर्दी नसते, तिथे खुशाल काढा.

राघोभरारी
अहो, घाट बांधले कोणी? अहिल्याबाई, शिंदे, नागपूरकर भोसले. मराठी माणसाने तिथे फोटो काढायला कोणाची परवानगी घ्यायची?

गोदाकाठचा
@राघोभरारी अहिल्याबाईंनी 1780 मध्ये विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं, ते आपल्या अल्बमसाठी नव्हे. पुढे चला.
@ब्रह्माघाटची सून, जागा बांधायचं पटतंय, पण शिंदे घाटाचं काय करायचं? तिथे ते कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, प्रत्येकाला ते मागे हवंच असतं. त्याला लागून मणिकर्णिका. इकडे नवरी ओढणी उडवतेय आणि तिकडे कोणाचा तरी बाप जळतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फोटोवाला नवरीला सांगत होता, "थोडं हसा."

फ्लॅशवाला
चितेच्या बाजूला लेन्स वळवायची नाही हे आम्हालाही कळतं. नाववालेच कॅमेरा खाली ठेवायला लावतात. शिंदे घाटावर मी गिऱ्हाईक नेत नाही, कितीही आग्रह केला तरी. चार उथळ लोकांवरून सगळ्या धंद्याला का झोडपता? मानमहाल पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे रीतसर परवानगी काढूनच काम करतो. घाटांसाठीही तशी पावती ठेवा, आनंदाने भरू. आज कोणाकडे भरायची तेच समजत नाही आणि मधले दलाल मात्र खिसा भरतात.

किलबिल
पक्ष्यांबद्दल कोणीच बोलत नाही. थंडीत उत्तरेकडून कुरव पक्षी येतात. फ्रेममध्ये पांढरे पंख हवेत म्हणून नावेतून मूठ मूठ शेव उधळतात, तळलेली, मिठाची. एक जोडपं, तीन पाकिटं, आणि रिकामी प्लास्टिकं नदीत. वर रंगीत धुराची नळकांडी. याला तरी सरसकट बंदी हवी, पहाट असो की दुपार.

फ्लॅशवाला
@किलबिल धुराचं मान्य, मी कधीच सोडलंय. शेव मात्र नाववालाच विकतो, त्याला सांगा.

किलबिल
विकतो कारण तुम्ही मागता.

मे महिन्यातली नवरी
वाद चालू द्या, पण मला खरंच माहिती हवी आहे. फेब्रुवारीच्या शेवटी जातोय. घागरा नको, नऊवारी नेसायची आहे. तिथे पहाटे पाचला नेसवून देणारं कोणी मिळेल का?

ब्रह्माघाटची सून
मिळेल, आमच्या गल्लीतच दोघी आहेत. आदल्या संध्याकाळी येऊन बोलून ठेवा. ओचा जरा वरच खोचून घ्या, खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, दरवर्षी कोणी ना कोणी घसरतंच.

गोदाकाठचा
म्हणजे आता आपणच सोय करून देणार. छान.