आरएक्स १०० : एक्झॉस्ट पोर्ट उचलू की फक्त रुंद करू?
मंडळी, गाडी यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक, बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिमी. घरीच पोर्टिंग (सिलिंडरमधले पोर्ट, म्हणजे वायू ये-जा करायची भोकं, घासून आकार बदलणं) करतोय, वेगळ्या जुन्या सिलिंडरवर. मूळचा जपून ठेवलाय. ट्रान्सफर पोर्टमधली (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येण्याची वाट) ओतकामाची खरखर घासून काढली, डिग्री व्हील (क्रँकचे अंश मोजायची चकती) लावून पोर्ट उघडण्या-मिटण्याचं टायमिंगही टिपलं. आता एक्झॉस्ट पोर्टवर, म्हणजे जळालेला वायू बाहेर जायच्या भोकावर, अडलंय. वरची कड उचलली की वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण खालचा दम जातो. मला तर वर्धा रोडच्या सिग्नलांतून रोज जायचंय, रेसिंग नाही. त्यात नागपूरचा मे महिना, ४५ अंशांत इंजिन सीझ होण्याची (पिस्टन तापून जाम होण्याची) धास्ती वेगळीच! सायलेन्सर, कार्बोरेटर कंपनीचेच राहणार. मग पोर्ट नुसता रुंद करून भागेल का? पिस्टनची रिंग पोर्टच्या कडेत अडकू नये म्हणून रुंदी कुठवर न्यावी, कडेला चॅम्फर (उतार) किती द्यावा आणि कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वाढवावा लागेल का?