'पॉसम' बघितला, डोक्यातून जात नाहीये. अजून असे कुठले आहेत?

रातकिडा_२२: काल रात्री एकटीने पॉसम हा हॉरर पिक्चर बघितला, २०१८ चा, मॅथ्यू होलनेसचा. फिलिप नावाचा बाहुल्यांचे खेळ करणारा माणूस लहानपणीच्या पडक्या घरी परत येतो, तिथे त्याला वाढवणारा मॉरिस अजून राहतोय, आणि हातातल्या चामडी बॅगेत एक बाहुलं, पाय कोळ्याचे आणि तोंड माणसाचं. कितीदा टाकून आला तरी ते परत येतंच. पण मला बाहुल्यापेक्षा फिलिप झालेल्या शॉन हॅरिसचं चालणं जास्त लागलं, दोन्ही हात अंगाला चिकटलेले, मान खाली, पन्नाशीचा माणूस पण ओरडा खाल्लेल्या पोरासारखा. लहानपणी काय झालं ते बराच वेळ कोणी बोलतच नाही तरी कळत राहतं. असे अजून सांगा ना प्लीज.

माळ्यावरची_पेटी: स्किनामारिंक (२०२२) बघ. रात्री दोन लहान भावंडं उठतात तर बाबा गायब, घराची दारं खिडक्या गायब. काईल एडवर्ड बॉलने एडमंटनमधल्या स्वतःच्या लहानपणीच्या घरातच शूट केलाय, साधारण १५ हजार डॉलरमध्ये. चेहरे जवळपास दिसतच नाहीत, नुसतं छत, भिंतीचा कोपरा, टीव्हीवर चाललेलं जुनं कार्टून.

सदू_पुणे: मी अर्ध्या तासात बंद केला, काही घडतच नाही राव. त्यापेक्षा तुंबाड बघा, त्यातली आजी लहानपणी बघितली असती तर जन्मभर विसरलो नसतो.

माळ्यावरची_पेटी: तुंबाड मलाही आवडतो पण तो हावेचा पिक्चर आहे, हिला हवंय ते वेगळं. स्किनामारिंकमध्ये सुरुवातीलाच बाप फोनवर सांगतो की केविन जिन्यावरून पडला. पोरगं चार वर्षांचं. ते वाक्य ऐकल्यापासून मला पुढचं सगळं घर वेगळंच दिसायला लागलं, पडला की काय झालं नक्की? आमच्याकडे भांडणं व्हायची तेव्हा मी पांघरुणातून ट्यूबलाइटच्या पट्टीवरची पाल बघत पडायचो, आवाज शेजारच्या खोलीतून. भांडण कशावरून होतं ते आज एकही आठवत नाही, पाल आठवते. हा पिक्चर तसाच आहे. मोबाइलवर नको बघूस, अंधारात हेडफोन लावून बघ.

रातकिडा_२२: पाल वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे मोरीचा नळ होता, टपटप. शनिवारी बघते, ताईला सोबत घेऊन.

माळ्यावरची_पेटी: हो, सोबत घेच. आणि नको वाटलं तर मधेच बंद कर, पूर्ण केलाच पाहिजे असं काही नाही.