मदत हवी आहे: गोव्यातल्या जुवारी नदीच्या मुखाचा खोलीचा नकाशा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला नववीला भूगोल शिकवते. फियॉर्ड (हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) शिकवताना एकीने विचारलं, "बाई, मग आपली जुवारी पण फियॉर्डच ना?" फार छान प्रश्न! नॉर्वेचा सोग्नेफियॉर्ड हिमनदीने खरवडलेला, यू आकाराचा. आत १३०० मीटरपर्यंत खोल, तोंडाशी मात्र उथळ. जुवारीचं खोरं नदीनेच कोरलेलं. पण सुमारे २०,००० वर्षांपूर्वी इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र १२० मीटर खाली होता. बर्फ वितळला, समुद्र चढला, खोरं बुडालं. म्हणजे बर्फाची करणी इथेही आहेच, फक्त लांबून.

हे दाखवायला दोनापावला ते मुरगाव पट्ट्याचा, खोलीचे आकडे असलेला नकाशा हवाय. कुणाकडे जुना सागरी नकाशा आहे का? स्पष्ट फोटोही चालेल.