लॅपटॉपची स्क्रीन फुटलीय, घरी बदलता येईल का?

प्रश्न:
लॅपटॉप १५.६ इंची आहे, टच नाही. खालच्या कोपऱ्यातून तडा गेलाय, तिथला काळा डाग पसरत चाललाय आणि वर उभ्या रंगीत रेघा दिसतात. एचडीएमआयने टीव्हीला जोडला की सगळं व्यवस्थित दिसतं. रॅम, एसएसडी मी स्वतःच बदलतो त्यामुळे उघडायची भीती नाही, पण ऑनलाइन बघितलं तर एकाच मॉडेलला ३० पिन, ४० पिन, ब्रॅकेटवाली, बिनब्रॅकेटची अशा कितीतरी स्क्रीन दाखवतात. नेमकी कुठली घ्यायची?

उत्तर १:
टीव्हीवर नीट दिसतंय आणि तडाही दिसतोय म्हणजे पॅनेलच (स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग) गेलंय. स्क्रीन काळी असून टॉर्च मारल्यावर अंधुक चित्र दिसलं, किंवा झाकण हलवलं की चित्र येतंय-जातंय असं असेल तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) नाहीतर केबल तपासावी लागते, तुमचं तसं नाही.

लॅपटॉपच्या मॉडेलवरून स्क्रीन मागवू नका प्लीज, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेल बसवलेली असतात. आधी जुनी स्क्रीन बाहेर काढा, पालथी करा, मागच्या स्टिकरवर एन१५६, बी१५६, एनव्ही१५६, एलपी१५६ असं काहीतरी सुरू होणारा नंबर असतो, त्याचा शेवटच्या अक्षरापर्यंत फोटो घ्या आणि तोच नंबर शोधा. तो मिळालाच नाही तर दुसरं चालतं, पण रिझोल्यूशन, पिन, कनेक्टरची जागा, ब्रॅकेट (स्क्रू लावायच्या कडेच्या पट्ट्या) सगळं जुळायला हवं. रुंदी तर बघाच, १५.६ मध्येच साधारण ३५० आणि ३६० मिमी अशी दोन मापं येतात आणि मोठं पॅनेल छोट्याच्या जागेत बसतच नाही. ६० हर्ट्झच्या साध्या फुल एचडी स्क्रीन बहुतेक ३० पिन असतात, ४० पिन बहुधा टचवाल्या किंवा १४४ हर्ट्झच्या.

उत्तर २:
नंबरचं अगदी बरोबर, पण बॅटरीचं कुणी बोललं नाही आणि नुकसान तिथेच होतं. शटडाउन करून चार्जर काढला तरी आतली बॅटरी बोर्डला जोडलेलीच असते, आणि स्क्रीनच्या केबलमधूनच बॅकलाइटला करंट जातो. केबल काढता-घालताना पिन शॉर्ट झाल्या तर बोर्डवरचा बारीकसा फ्यूज उडू शकतो, मग नवीन स्क्रीन लावूनही अंधारच. म्हणून आधी मागचं कव्हर उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि मगच बेझलला (स्क्रीनभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीला) हात लावा.

बेझलवर रबरी टिकल्या असतील तर त्यांच्याखाली स्क्रू असतात. नसतील तर जुनं प्लास्टिक कार्ड आतल्या कडेने सरकवत जा, लॉक टकटक सुटतात, बिजागरीपाशी मात्र सावकाश. फुटलेल्या काचेवर आधी रुंद सेलोटेप लावून घ्या, कण उडत नाहीत. मग स्क्रीन कीबोर्डवर मऊ कापड टाकून पालथी ठेवा. कनेक्टरवर पारदर्शक टेप असते ती सोलायची, बारीक तारेची किंवा पत्र्याची कडी असेल तर ती उचलायची आणि प्लग पॅनेलला समांतर मागे ओढायचा. वर उचलून ओढलात तर सॉकेट तुटेल, आणि केबलकडचं टोक तुटलं तर केबलही नवीन घ्यावी लागेल.

प्रश्नकर्ता:
खूप आभार दोघांचे! बॅटरी सोडवून बेझल उघडलं. ब्रॅकेट नाही, दोन्ही बाजूंना चिकट पट्टी आहे आणि स्क्रीन जाम हलत नाहीये.

उत्तर ३:
ती ताणून काढायची पट्टी आहे. खालचं टोक चिमट्याला गुंडाळा आणि पॅनेलला समांतर सावकाश ओढत राहा, रबरासारखी लांब होत निघते. घाई केली की मधेच तुटते, मग हेअर ड्रायरने थोडी ऊब देऊन दंतधागा (डेंटल फ्लॉस) करवतीसारखा मागून फिरवावा लागतो.

नवीन स्क्रीन आली की लगेच चिकटवू नका. नुसती केबल लावा, कडी बसली का बघा, बॅटरी जोडून सुरू करा. पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी इमेज लावून डेड पिक्सेल (बंद पडलेले ठिपके) बघा, झाकण थोडं मागे-पुढे करून चित्र हलतंय का तेही बघा. पुढची संरक्षक फिल्म तोपर्यंत काढायची नाही, बऱ्याच ठिकाणी फिल्म काढलेली स्क्रीन परत घेत नाहीत. सगळं ठीक असेल तर पुन्हा बॅटरी सोडवून मग नवीन पट्ट्या लावा, त्या कधी स्क्रीनसोबत येतात कधी येत नाहीत, ऑर्डर करतानाच विचारून घ्या.